धरमपेठेतील अर्ज-मार्गदर्शन केंद्र: बाजार समितीची वर्षे प्रशासनात मोजायची का?

जिल्हा ग्राहक आयोगाच्या सदस्यपदासाठी अर्ज करण्याच्या निमित्ताने नागपूरच्या धरमपेठेतील एका मार्गदर्शन केंद्राची सेवा मी घेतली. दोन बैठका, कागदपत्रांची तपासणी आणि अर्जाचा मसुदा, असे या सेवेचे स्वरूप असून शुल्क ३,५०० रुपये आहे. माझी अडचण एकच होती. मी सरकारी नोकरी कधी केली नाही. मात्र तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीवर दोनदा निवडून आलो होतो. संचालकपदाची ती वर्षे प्रशासकीय अनुभव म्हणून धरली जातील का, हे मला जाणून घ्यायचे होते.

केंद्राचा कायद्याचा अभ्यास चांगला आहे, हे प्रथम नोंदवतो. ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या नियमांनी जिल्हा आयोगाच्या सदस्यासाठी १५ वर्षांचा अनुभव मागितला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने १४ सप्टेंबर २०२१ रोजी ती तरतूद रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२३ रोजी तो निकाल कायम ठेवून १० वर्षांचा अनुभव, प्रत्येकी १०० गुणांचे दोन लेखी पेपर व ५० गुणांची मुलाखत अशी व्यवस्था घालून दिली, हे त्यांनी निकालाची प्रत समोर ठेवून समजावले. हा अनुभव ज्या विषयांतला हवा त्यांच्या यादीत ‘सार्वजनिक व्यवहार’, ‘प्रशासन’ आणि ‘व्यवस्थापन’ हे शब्द वेगवेगळे आहेत आणि अनुभव शासकीय सेवेतलाच हवा असे तेथे कोठेही म्हटलेले नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

खटकले ते पुढे. माझी फाइल पाहणाऱ्या तरुणाने “काकाजी, डायरेक्टर म्हणजे मॅनेजमेंटच झालं नं, नक्की चालते,” असे सांगून दोन्ही कार्यकाळ मिळून सरळ १० वर्षे लिहून टाकली. वास्तविक दुसऱ्या कार्यकाळात आमचे मंडळ बरखास्त होऊन समितीवर चौदा महिने प्रशासक बसला होता. (मंडळाच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याला प्रशासक म्हणायचे आणि त्याच खुर्चीवरून तेच ठराव करणाऱ्या संचालकांचे काम मात्र प्रशासन नव्हे, हा तर्क मला आजही कळलेला नाही.) ती चौदा महिन्यांची फट सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयातील कोणत्याही नोंदीवरून उघड झाली असती आणि अर्जातील इतर खरी माहितीही संशयात आली असती. शिवाय ‘नक्की चालते’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही केंद्राला नाही, कारण अनुभव ग्राह्य धरायचा की नाही हे उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती अध्यक्ष असलेली निवड समिती पाहते.

तक्रार केल्यावर दुसऱ्या बैठकीला महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक सल्लागार आले आणि शुल्काचे खरे मोल तेथे वसूल झाले. नियमात नुसता अनुभव नाही, ‘विशेष ज्ञान आणि व्यावसायिक अनुभव’ आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. महिन्यातून एकदा बैठकीला जाऊन भत्ता घेणाऱ्या सदस्याचा तो व्यावसायिक अनुभव कसा, असा प्रश्न मुलाखतीत येणारच. म्हणून पद बाजूला ठेवून काम लिहा, असे त्यांनी सांगितले. त्यानुसार आम्ही इतिवृत्ते चाळली. अंदाजपत्रकाच्या उपसमितीचा अध्यक्ष म्हणून मी मांडलेले ठराव, अडत्यांच्या परवान्यांवरील सुनावण्या आणि मापातील घटीच्या तक्रारींवर घेतलेले निर्णय तारखांसह वेगळे काढले. शेवटचे तर ग्राहक आयोगाच्या कामाशी थेट नाते सांगणारे होते आणि पहिल्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नव्हता! कमी पडणारा काळ सेवा सहकारी संस्थेच्या अध्यक्षपदाच्या चार वर्षांतून, पण स्वतंत्र रकान्यात, दाखवला.

माहिती आयुक्तपदाबाबतही मी विचारले होते. तेथे वर्षांची अट नाही, ‘प्रशासन’ हा विषयही यादीत आहे; परंतु राजकीय पक्षाशी संबंध नसावा, ही माहिती अधिकार कायद्याच्या कलम १५(६) मधील अट बाजार समितीच्या बहुतेक संचालकांना, मलाही, अडवते. हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

पाचपैकी तीन तारे देतो. जाणाऱ्यांनी पहिल्या बैठकीपासून ज्येष्ठ सल्लागारच मागून घ्यावेत आणि बाजार समितीच्या सचिवांच्या सहीचे प्रमाणपत्र व इतिवृत्तांच्या प्रती आधीच मिळवून ठेवाव्यात. मला केवळ प्रतींसाठी बाजार समितीत चार खेपा घालाव्या लागल्या.