कर्नलमधले बिझी-वेट लूप तपासताना : कंपायलर एक्सप्लोररचा अनुभव

मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेले कंपायलर एक्सप्लोरर हे मोफत संकेतस्थळ कोडशेजारी कंपायलरने त्यातून बनवलेली असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना, दाखवते. कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, ड्रायव्हर लिहिताना मी ते नेहमी वापरतो, आणि बिझी-वेट लूप (एखादी अट पूर्ण होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा तपासत थांबणारा लूप) तपासण्यासाठी याहून उपयुक्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

त्याची खरी किंमत मला एका अडलेल्या कामात कळली. इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने इशारा दिला की चालणारे फंक्शन) एका ग्लोबल फ्लॅगमध्ये १ भरेपर्यंत थांबणारा साधा व्हाइल लूप मी लिहिला होता. बोर्ड तिथेच गोठत असे. मात्र कारण शोधण्यासाठी लूपमध्ये प्रिंटके (कर्नलचे संदेश छापणारे फंक्शन) घातले की सारे सुरळीत चाले. तो तुकडा या संकेतस्थळाच्या डाव्या चौकटीत टाकून मी जीसीसी या सी कंपायलरचा ऑप्टिमायझेशन स्तर ओ-झीरोवरून (कोड जसाच्या तसा) ओ-टूवर (कोड वेगवान करण्यासाठी बदलणारा) नेला, तेव्हा उजवीकडच्या असेंब्लीत उत्तर समोर आले. ओ-झीरोवर फ्लॅग प्रत्येक फेरीत मेमरीतून वाचला जात होता. ओ-टूवर तो लूपच्या आधी एकदाच वाचला जाऊन पुढे स्वतःकडेच उडी मारणारी एकच सूचना उरली होती. कंपायलरचे काही चुकले नव्हते, कारण फ्लॅग बाहेरून बदलू शकतो हे मी त्याला सांगितलेच नव्हते. प्रिंटकेच्या हाकेमुळे मात्र ग्लोबल मूल्य बदलले असण्याची शक्यता गृहीत धरून त्याला ते पुन्हा वाचावे लागत होते.

वाचन कर्नलच्या रीड-वन्स मॅक्रोतून (मूल्य दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणाऱ्या) केले आणि लूपमध्ये सीपीयू-रिलॅक्स (थांबताना प्रोसेसरला उसंत देणारे) घातले, तशी मेमरीतून वाचणारी सूचना लूपमध्ये परतली आणि एक्स८६ प्रोसेसरवर तिच्याजवळ पॉज ही उसंतीची सूचनाही दिसू लागली. सी मधली ओळ आणि तिची असेंब्ली एकाच रंगात दिसत असल्यामुळे हा बदल शोधावा लागत नाही. निव्वळ वेळ काढण्यासाठी लिहिलेला रिकामा फॉर लूप ओ-टूवर समूळ नाहीसा होतो, हेही नवोदितांनी इथे स्वतः पाहावेच.

मर्यादा दोन जाणवल्या. कर्नलच्या हेडर फाइल तिथे नसल्याने हे मॅक्रो स्वतः लिहून द्यावे लागतात. शिवाय असेंब्लीत दिसतो तो कंपायलरने ठरवलेला क्रम. आर्म प्रोसेसर चालताना मेमरीचे व्यवहार मागेपुढे करतो, ते इथे दिसत नाही आणि त्यासाठी मेमरी बॅरियरचा (मेमरीच्या व्यवहारांचा क्रम पक्का करणाऱ्या सूचनेचा) विचार वेगळाच करावा लागतो. कार्यालयातला कोड बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणे योग्य नसेल, तर हा प्रकल्प मुक्तस्रोत असल्याने तो आपल्याच संगणकावर बसवता येतो. मी आता तसाच वापरतो.