होरोविट्झ यांची मॉस्कोतली मैफल: गाजावाजा बाजूला ठेवून ऐकण्याजोगी सीडी

डॉइश ग्रामोफोन कंपनीने आपल्या ओळखीच्या पिवळ्या पट्टीखाली काढलेली ‘होरोविट्झ इन मॉस्को’ ही पियानोवादनाची सीडी मी दोनदा विकत घेतली आहे. पहिली प्रत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली होती. ती एका मित्राने ऐकायला म्हणून नेली आणि उसन्या दिलेल्या वस्तूंचे जे होते तेच तिचे झाले. पुढे २०१६ मध्ये ते दुकानही बंद पडले, त्यामुळे दुसरी प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी म्हणून मागवावी लागली. ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिलेल्या त्या प्रतीची डबी बिजागरीपाशी तुटलेली होती आणि माहितीपुस्तिकेची मधली पाने गायब होती, पण तबकडीवर ओरखडा नव्हता, म्हणून मी तक्रार न करता ती ठेवून घेतली. एकच ध्वनिमुद्रण दोनदा घेण्याइतके त्यात काय आहे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

ही सीडी बहुतेक वेळा इतिहासाच्या नावावर विकली जाते, आणि तो इतिहास खराच असल्यामुळे आधी तो थोडक्यात सांगून टाकतो. व्लादिमिर होरोविट्झ यांचा जन्म १९०३ सालचा. कीव्हमध्ये शिकलेला हा पियानोवादक १९२५ मध्ये शिक्षणाचे कारण सांगून सोव्हिएत संघातून जर्मनीला गेला आणि परतलाच नाही. पुढे ते अमेरिकेचे नागरिक झाले, विख्यात वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांच्या कन्येशी त्यांनी लग्न केले, जगभर कीर्ती मिळवली आणि मध्येच वर्षानुवर्षे जाहीर मैफली बंद करून घरात बसण्याचा लौकिकही मिळवला. नोव्हेंबर १९८५ मध्ये जिनिव्हा येथे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांची भेट झाली, तीत दोन देशांमधील सांस्कृतिक देवाणघेवाण पुन्हा सुरू करण्याचे ठरले आणि त्याच वाटेने हा दौरा शक्य झाला. २० एप्रिल १९८६ रोजी, म्हणजे ६१ वर्षांनी, ब्याऐंशी वर्षांचे होरोविट्झ मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहात वाजवायला बसले. त्याच्या पाचच दिवस आधी अमेरिकेने लिबियावर बॉम्बफेक केली होती आणि त्या रागापोटी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवार्डनाझे यांचा ठरलेला वॉशिंग्टन दौरा मॉस्कोने रद्द केला होता. मंत्र्यांची भेट रद्द झाली, पण पियानोची मैफल झाली.

पियानोवादकाने राजकीय सीमा ओलांडून वाजवणे त्या काळात नवे नव्हते. कॅनडाचा ग्लेन गूल्ड १९५७ मध्ये मॉस्को आणि लेनिनग्राडला जाऊन आला होता, टेक्ससचा व्हॅन क्लायबर्न १९५८ मध्ये याच सभागृहात चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून गेला होता, आणि उलट दिशेने स्व्यातोस्लाव्ह रिख्टर १९६० मध्ये अमेरिकेत वाजवून आले होते. हे सगळे पाहुणे म्हणून गेले आणि पाहुण्यासारखे परतले. होरोविट्झ यांचे तसे नव्हते. ते ज्या घरातून पळून गेले होते त्याच घराच्या दारात उभे होते, आणि आत बसलेल्यांपैकी बहुतेकांनी त्यांना केवळ तबकड्यांवरून ऐकलेले होते. तिकिटांचा मोठा वाटा अधिकारी आणि वजनदार मंडळींकडे गेला, तेव्हा संगीताच्या विद्यार्थ्यांनी पहारा मोडून आत धाव घेतली आणि ते वरच्या सज्ज्यांत जाऊन दाटीवाटीने उभे राहिले.

इतके सगळे माहीत असले की श्रोता आधीच गहिवरायला तयार होऊन बसतो, आणि माझ्या मते या सीडीवर अन्याय होतो तो इथेच. पहिल्या खेपेला मीही ती तशीच ऐकली होती. आता वीसेक वर्षे ऐकल्यावर मला वाटते की इतिहासाची एवढी पुण्याई पाठीशी नसती तरी हे वादन टिकले असते, आणि ते टिकले असते ते गडगडाटामुळे नव्हे, तर त्यातल्या हळू जागांमुळे. होरोविट्झ म्हटले की लोकांना पियानो फोडून काढणारा विक्रमवीर आठवतो. ती त्यांची तरुणपणीची ओळख होती. १९८३ मध्ये त्यांच्या जपानमधील मैफली इतक्या ढासळलेल्या होत्या की तिथल्या एका समीक्षकाने त्यांची तुलना तडा गेलेल्या जुन्या वस्तूशी केली. त्यानंतर ते पुन्हा घरात बसले आणि १९८५ मध्ये बाहेर आले तेव्हा त्यांची वाजवण्याची रीत पालटली होती. ताकदीच्या जागी त्यांनी नेमकेपणा आणि हलका हात आणला होता. मॉस्कोतली मैफल ही त्या शेवटच्या, शहाण्या काळातली आहे.

सीडीची सुरुवात स्कार्लाटीच्या ई मेजर सोनाटाने होते (सोनाटा म्हणजे इथे एकट्या पियानोवर वाजणारी रचना; ‘ई मेजर’, ‘एफ मायनर’ ही स्वरपट्ट्यांची नावे). सभागृह जवळपास सतराशे माणसांचे, आणि ते काठोकाठ भरलेले. अशा ठिकाणी कोणताही वादक पहिल्या रचनेत आवाज चढवून लोकांना मुठीत घ्यायला बघतो. होरोविट्झ उलट करतात. तुतारीच्या ललकारीसारखा जो तुकडा या सोनाटात पुन्हा पुन्हा येतो, तो ते दुसऱ्यांदा इतक्या दुरून वाजवतात की वाटावे मिरवणूक शेजारच्या गल्लीतून चालली आहे. श्रोत्यांनाच पुढे झुकून ऐकावे लागते. पाठोपाठ मोत्झार्टचा सी मेजर सोनाटा (मोत्झार्टच्या रचनांच्या सूचीतला के. ३३०) आहे. हा सोनाटा शिकाऊ विद्यार्थीही वाजवतात आणि म्हणूनच तो अवघड आहे, कारण त्यात लपायला जागा नाही. संथ भागात मधेच एफ मायनरचा जो अंधारा तुकडा येतो, तिथे डाव्या हाताचे स्वर ते जेमतेम ऐकू येतील एवढेच ठेवतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या एका शिट्टीत हा संपूर्ण तुकडा वाहून जातो, हे अनुभवाने सांगतो. तेव्हा ही सीडी कामे करता करता ऐकायची नाही, किंवा मग हेडफोन लावून ऐकायची.

रशियन संगीतकार राखमानिनॉव्हची दोन प्रील्यूड, म्हणजे छोट्या स्वतंत्र पियानोरचना, हा माझ्या दृष्टीने या सीडीचा गाभा आहे. राखमानिनॉव्ह आणि होरोविट्झ यांची न्यूयॉर्कमध्ये १९२८ पासून मैत्री होती. राखमानिनॉव्हने १९१७ मध्ये रशिया सोडला आणि १९४३ मध्ये अमेरिकेत देह ठेवला, त्याला परत जाता आले नाही. हे मनात ठेवून ऐकावे की न ठेवता, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी ते बाजूला ठेवून नुसते हात ऐकायचा प्रयत्न करतो. जी मेजर प्रील्यूडमध्ये डावा हात पाच-पाच स्वरांच्या गटांत फिरत राहतो आणि त्यावर उजव्या हाताची चाल तरंगते. पाचाचा हा हिशेब इतर वादकांकडून ऐकताना कळतो, इथे तो कळत नाही, नुसते पाणी हलल्यासारखे वाटते. दुसऱ्या, जी शार्प मायनर प्रील्यूडमध्ये रचना उलटी आहे. उजवा हात वर चकाकत राहतो आणि खरी चाल खाली डाव्या हातात असते. आपल्याकडचा चांगला गायक सम माहीत असूनही तिच्या आधी क्षणभर रेंगाळतो आणि मग अशा सहजपणे तिच्यावर येतो की दाद आपोआप निघते. होरोविट्झ त्या डाव्या हाताच्या चालीत नेमके तसे रेंगाळतात. शेवटचे स्वर विरल्यावर टाळ्या सुरू व्हायला जो किंचित वेळ लागतो, तोही ऐकण्यासारखा आहे.

रशियन संगीतकार स्क्रियाबिनच्या दोन एट्यूडबद्दल (एट्यूड म्हणजे वादनाच्या एखाद्या तंत्राचा कस पाहणारी छोटी रचना) मात्र सरसकट कौतुक करता येत नाही. पहिले, सी शार्प मायनरमधले, संगीतकाराने पौगंडावस्थेत लिहिलेले आहे आणि होरोविट्झ ते एखादी जुनी जखम चाचपावी तसे वाजवतात. होरोविट्झ यांनी लहानपणी स्वतः स्क्रियाबिनपुढे बसून वाजवले होते आणि याच दौऱ्यात ते त्याच्या मॉस्कोतील घरी, आता जिथे संग्रहालय आहे तिथे, जाऊन आले. दुसरे, डी शार्प मायनरमधले एट्यूड वादळी आहे. डाव्या हाताच्या लांब उड्या आणि उजव्या हाताचे आदळणारे स्वरसमूह ब्याऐंशीव्या वर्षी स्वच्छ येणे शक्य नव्हते आणि ते आलेलेही नाहीत. काही स्वर सांडले आहेत, पेडलने बरेच झाकले आहे. त्यांचीच जुनी ध्वनिमुद्रणे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी या एट्यूडसाठी तिकडे जावे. लिस्टने शूबर्टच्या वाल्ट्झवरून बांधलेली रचना गोड आहे, पण लांबते. त्यानंतरचे लिस्टचेच ‘सोनेटो १०४’ त्याहून बरेच सरस आहे. शोपँचे दोन मझुर्का या पोलिश नाचाच्या लयीला कुठे खेचायचे आणि कुठे सोडायचे याचा उत्तम धडा आहेत.

आता ‘ट्रॉयमराय’. शूमानची ही दोन-तीन मिनिटांची रचना होरोविट्झ अनेक मैफलींच्या अखेरीस वाजवत असत, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तिच्यात मॉस्कोसाठी म्हणून काही खास नव्हते. या मैफलीच्या व्हिडिओत ही रचना चालू असताना कॅमेरा एका श्रोत्यावर स्थिरावतो. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलत नाही आणि गालावरून अश्रू ओघळतो. हे दृश्य जगभर गाजले आणि त्याचा अर्थ बहुधा ‘घरी परतलेल्या कलावंतासाठी रडणारा रशिया’ असा लावला गेला. मला त्यात आणखी एक धागा दिसतो. व्होल्गोग्राडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडमध्ये, मामायेव्ह टेकडीवर युद्धात पडलेल्या सैनिकांचे जे स्मारक १९६७ मध्ये उभे राहिले, त्याच्या ज्योत तेवणाऱ्या दालनात हीच ‘ट्रॉयमराय’ वाजत असते. जर्मन संगीतकाराची लहान मुलांच्या आठवणींवरची रचना सोव्हिएत लोकांच्या मनात युद्धातल्या मृतांशी जोडली गेली होती. त्या श्रोत्याच्या मनात काय होते हे कोणालाच सांगता येणार नाही, पण त्याच्या पिढीच्या माणसाला हे सूर ऐकून स्मारकाची आठवण झाली असेल, तर त्यात नवल नाही. होरोविट्झ ही रचना जराही साखर न घालता वाजवतात. चाल वर चढते तिथे, म्हणजे जिथे दुसरा कोणीही जोर देईल तिथे, ते आवाज खाली घेतात.

रचना अशी संपते आणि नेमके तिथेच, मी ज्या स्ट्रीमिंग सेवेवर एकदा ती फुकटात ऐकली, तिने गृहकर्जाची जाहिरात लावली. पैसे न भरता ऐकण्याचे हे फळ म्हणून मी ते सोसले. पण पैसे भरल्यानंतरही दोन रचनांच्या मध्ये टाळ्या तुटतात आणि क्षणभर पोकळी येते, ते मात्र खटकते. मैफलीचे ध्वनिमुद्रण सलग ऐकायचे असते. या एका कारणासाठीही सीडी घेणे मला योग्य वाटते.

ध्वनिमुद्रणाचा दर्जा चांगला आहे. होरोविट्झ यांनी न्यूयॉर्कच्या घरातला आपला स्टाइनवे पियानो मॉस्कोला नेला होता आणि त्याची सुरावट सांभाळणारे फ्रान्झ मोर हेही बरोबर होते. त्या पियानोचा खर्ज किंचित गुरगुरतो आणि वरचे स्वर काचेसारखे चमकतात; ज्यांना गोलसर, मखमली पियानो आवडतो त्यांना तो सुरुवातीला टोचेल. श्रोत्यांचे खोकणे ऐकू येते. एप्रिलमधल्या मॉस्कोत ते चालायचेच.

मुख्य तक्रार कंपनीच्या निवडीबद्दल आहे. मैफलीत स्कार्लाटीचे तीन सोनाटा होते, माझ्या सीडीवर त्यांतला एकच आहे. शोपँचे ए फ्लॅट मेजरमधले प्रसिद्ध पोलोनेझही (तेही पोलिश नाचाच्या लयीतलेच) गाळलेले आहे. पोलोनेझ गेल्याचे मला फारसे दुःख नाही, पण उरलेले दोन स्कार्लाटी, विशेषतः बी मायनरमधला, हवे होते. ते ऐकायचे असतील तर व्हिडिओ मिळवावा लागतो. व्हिडिओत त्यांची बोटे दिसतात हा मोठा लाभ आहे: बोटे जवळजवळ सपाट, मनगट खाली आणि करंगळी मुडपून ठेवलेली, ती लागेल तेव्हाच उघडणारी. पियानो शिकवणारे शिक्षक ज्याबद्दल विद्यार्थ्याच्या हातावर पट्टी मारतील, ते सगळे इथे एका हातात आहे.

मॉस्कोनंतर पुढच्या रविवारी, २७ एप्रिलला, होरोविट्झ यांनी लेनिनग्राडमध्ये वाजवले. आदल्या दिवशी, २६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती, आणि ती ते जिथे शिकले त्या कीव्हपासून फार दूर नव्हती. सरकारने ही बातमी २८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत जाहीर केली नाही. ती मैफल या सीडीवर नाही, म्हणून तिच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

या सीडीला पुढे सर्वोत्तम शास्त्रीय अल्बमचे ग्रॅमी मिळाले. पाश्चात्त्य संगीत नव्याने ऐकू लागलेल्यांना मी ती बिनदिक्कत सुचवेन, कारण एकही रचना फार मोठी नाही आणि तासाभराहून थोड्या अधिक वेळात दोन शतकांची फेरी होते. ज्यांच्याकडे होरोविट्झ यांची बरीच ध्वनिमुद्रणे आहेत त्यांनी ती मोत्झार्ट, राखमानिनॉव्ह आणि ‘ट्रॉयमराय’साठी घ्यावी. व्हिडिओ एकदा पाहावा, पण पहिल्यांदा नव्हे. आधी नुसते ऐकून घ्यावे, नाहीतर त्या श्रोत्याचा अश्रू कायमचा डोळ्यांपुढे येत राहतो. आणि ‘ट्रॉयमराय’ झाली की उठून जाऊ नये. त्यानंतर मोश्कोव्स्कीच्या ‘एतँसेल’ (ठिणग्या) या रचनेच्या ठिणग्या उडतात, आणि अगदी शेवटी राखमानिनॉव्हची ती खट्याळ पोल्का येते, जिची चाल आपल्या वडिलांची आहे असे तो समजत होता आणि जी प्रत्यक्षात फ्रान्झ बेर नावाच्या भलत्याच संगीतकाराची निघाली.