डिस्लेक्सियाच्या विशेष शिक्षिकेचा अभ्यासक्रम : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात एका प्राथमिक शाळेत मी सतरा वर्षे शिकवीत आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली विशिष्ट अडचण, असलेल्या मुलांना शिकवण्याचा, ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवर (ऐकणे, पाहणे, स्पर्श यांच्या जोडीने अक्षरे शिकवण्याच्या पद्धतीवर) आधारलेला एक दूरस्थ अभ्यासक्रम मी पूर्ण केला, त्याला आता चौदा महिने झाले. 60 तासांची व्याख्याने, देखरेखीखाली 100 तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आणि त्यांपैकी दहा पाठांचे चित्रीकरण तपासणीसाठी पाठवणे, असे त्याचे स्वरूप होते. फी माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होती.

अनेक शिक्षक विचारतात म्हणून सांगते की, अशा प्रमाणपत्राने विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव लागत नाही. त्यासाठी परिषदेने मान्य केलेली विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवीच लागते. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) समावेश झाला असला, तरी तिचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. तेव्हा पदासाठी किंवा पगारवाढीसाठी हा अभ्यासक्रम घेऊ नये. मुलाजवळ बसून नेमके काय करायचे, हे शिकण्यासाठी घ्यावा.

ते मात्र त्याने मला चांगले शिकवले. पूर्वी मी अडखळणाऱ्या मुलाला तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावीत असे आणि त्यालाच सराव समजत असे. आता एका वेळी एकच ध्वनी घेते, तो मूल ऐकते, उच्चारते, बोटाने गिरवते आणि मगच वहीत लिहिते. वाळूच्या तबकाऐवजी मी ताटात ज्वारीचे पीठ पसरते. चौथीतील एक मुलगा सातत्याने ‘दिवाळी’चे ‘दवाळी’ आणि ‘पिशवी’चे ‘पशवी’ लिहीत असे. पिठात आधी ‘द’ काढून, बोट उचलून, ‘इ’ म्हणत डावीकडे वेलांटी द्यायला लावली, तेव्हा तो थांबून म्हणाला, “म्याडम, ही आधी बसती अन् मागून बोलती व्हय?” इतक्या वर्षांत मला हे कुणी इतके नेमके सांगितले नव्हते. रफाराचे याच्या उलट आहे: तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, पण उच्चारला आधी जातो. हे दोन पाठ एकाच आठवड्यात घेऊ नयेत, हे मी चूक करूनच शिकले.

वेलांटी-रफाराविषयी अभ्यासक्रमात काहीच नव्हते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. बहुतेक तास इंग्रजी स्पेलिंगच्या नियमांत गेले. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ असल्यामुळे आपल्याकडचा डिस्लेक्सिया चुकीच्या वाचनापेक्षा संथ, दमछाक करणाऱ्या वाचनात आणि काना-मात्रा-जोडाक्षरांच्या चुकांत अधिक दिसतो, हे मला प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करताना उमगले. माझा पाठ तपासणाऱ्या बाईंनी तर चित्रीकरणातल्या मुलाने केलेला ‘चमचा’ या शब्दातील ‘च’चा उच्चार चुकीचा म्हणून गुण कापले होते, त्यांच्या भाषेत तो तसा नाही, एवढाच त्या मुलाचा अपराध. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या, डिस्लेक्सिया ओळखण्याच्या ‘डाली’ या चाचणीचे मराठी रूप उपलब्ध आहे, हेही मला बाहेरूनच कळले.

दुसरा प्रश्न बीड जिल्ह्याचा आहे. अभ्यासक्रमात दिलेली लक्षणांची यादी मी वर्गातील एकतीस मुलांना लावली, तेव्हा अकरा मुले संशयित निघाली. त्यांतील सहा मुले दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणारी होती. जे मूल चार-पाच महिने शाळेतच नव्हते, त्याला वाचता येत नाही, याला डिस्लेक्सिया म्हणता येत नाही. मी या अकराही मुलांना सहा आठवडे रोज अर्धा तास सारखेच शिकवले. फडावरून आलेली पाच मुले झपाट्याने पुढे सरकली. उरलेल्या सहांपैकी दोघे हळूहळू वर आले, आणि चौघे जवळजवळ तिथेच राहिले. त्या चौघांच्या पालकांना मी तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास सांगितले. अहवाल हाती येईपर्यंत एका वडिलांच्या तीन रोजंदाऱ्या बुडाल्या.

या चौघांत एक मुलगी अशी आहे की, ती फडावरही जाते आणि तिची अडचणही खरी आहे. उचल आधीच घेतलेली असल्यामुळे तिला मागे ठेवणे घरच्यांना शक्य नव्हते. गेल्या मोसमात मी तिच्यासोबत चाळीस अक्षरकार्डे दिली आणि रोज दहा कशी फिरवायची, हे तिच्या मोठ्या भावाला दाखवून ठेवले. परतली तेव्हा सव्वीस कार्डे उरली होती, बाकीची कोपीत (फडावरच्या झोपडीत) भिजून गेली होती. पण उरलेली ती न अडखळता वाचीत होती. या दसऱ्यासाठी मी पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकचे आवरण घातलेली कार्डे तयार करून ठेवली आहेत.