चट्टा हटत नाही: नायटा, इसब, सोरायसिस की त्वचेचा लिम्फोमा?

चड्डीच्या इलॅस्टिकखाली लालसर चट्टा. मलम लावलं की फिका पडतो, थांबवलं की पुन्हा तिथेच. आणखी एक ट्यूब आणावी की बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) करून घ्यावी, अशा पेचात असाल तर आधी नेहमीचे आजार ताडून पाहा.

नायटा त्यातल्या त्यात सोपा. कड उठलेली, मधला भाग मोकळा, आणि खरवडलेल्या कोंड्यात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते. मात्र परस्पर आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम चोळलं असेल तर ती कडच पुसली जाते. सोरायसिस कोपर, गुडघे, डोकं धरतो. वर चंदेरी पापुद्रे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे.

खरी गफलत इसब आणि त्वचेचा लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) यांत होते. खाज दोन्हीकडे, स्टेरॉइडने उतार पडणंही दोन्हीकडे. पण जुनं इसब बहुधा लहानपणापासूनचं, कोपर-गुडघ्यांच्या लवणीत, कमीजास्त होणारं. त्वचेच्या लिम्फोमाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, मायकोसिस फंगॉइडिस, ऊन न लागणाऱ्या जागी येतो: नितंब, कंबर, मांड्यांची आतली बाजू, स्तन. तिरप्या उजेडात पाहिलं तर चट्ट्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, बारीक चुरगळलेली दिसते. (नावात बुरशी असली तरी हा बुरशीचा आजार नाही. १८०६ मध्ये पॅरिसच्या आलिबेर यांनी पाहिलेल्या रुग्णाच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी होत्या, एवढंच.)

सावळ्या त्वचेवर हा लिम्फोमा पांढुरका होऊनही येतो, मुलांत आणि तरुणांतसुद्धा. मग शिबे किंवा कोड समजून वर्षं जातात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा होतो. इथे रंग फक्त उणावतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कमी कळतो, म्हणून ती तपासणी आधी करून घ्याच.

माझं मत स्पष्ट आहे. झाकलेल्या जागेवरचा चट्टा नीट उपचार करूनही काही महिने हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे बायोप्सीचा विषय आपणहून काढा. त्याआधी दोन ते चार आठवडे स्टेरॉइड मलम थांबवावं लागतं, तेही त्यांना विचारूनच. पहिल्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला इसबासारखी साधी सूज आणि लिम्फोमा सूक्ष्मदर्शकाखालीही सारखे दिसू शकतात. पुन्हा, वेगवेगळ्या चट्ट्यांतून नमुने घ्यावे लागतात. भीतीने टाळू नका. लिम्फोमा थोड्याच त्वचेवर असताना सापडला तर बहुतेकांचं आयुष्य त्याने कमी होत नाही, आणि उपचार बऱ्याचदा मलमं किंवा नॅरोबँड (ठरावीक अतिनील) प्रकाशकिरणांवर भागतात.

चट्ट्यावर गाठ उठली, सगळं अंग लाल झालं किंवा काखेत-जांघेत गोळा लागला, तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा.