लिस्बनला जेवायचं कुठं? आईला घेऊन गेलेल्या बेळगावकराचं मत

मी, बायको आणि आई असे पाच दिवस लिस्बनला होतो. आईचे सोमवार आणि शनिवार कडक शाकाहारी, बाकीच्या दिवशी मासे-चिकन चालतंय पण गाय-डुक्कर अजिबात नाही, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच घरांतलंच गणित, म्हणून लिहितोय, बेळगाव-खानापूर-निपाणीकडचं कोण जाणार असेल तर कामाला येईल.

आधी पोर्तुगीज शब्द पाठ करा. पोर्कू म्हणजे डुक्कर, वाका गाय, वितेला वासरू, फ्रांगू चिकन. आणि शोरीसू दिसलं की थांबा, ते डुकराचं सॉसेज, काल्दू वेर्द नावाच्या हिरव्या सूपमधे पण त्याची एक चकती टाकून देतात. सूप बटाट्याचं आणि पालेभाजीचं, बघितलं की शाकाहारीच वाटतंय, त्यामुळं ऑर्डर देतानाच "सेंय शोरीसू" म्हणजे शोरीसू नको म्हणून सांगायचं.

पहिल्याच दिवशी आम्ही फसलो. बाइशा भागात, सगळी टुरिस्ट फिरतात तिथं, दारात उभा राहून बोलावणारा माणूस आणि फोटोवाला मेनू असलेल्या एका हॉटेलात बसलो. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलं, आम्हाला वाटलं आपल्याकडं कांदा-लिंबू-लोणचं देतात तसं असेल, खाल्लं सगळं, आणि बिलात प्रत्येकाचे वेगळे पैसे. तिकडं ती रीतच आहे, कुवेर्त म्हणतात त्याला. हात लावला नाही तर पैसे द्यायचे नाहीत, नको असेल तर लगेच परत न्यायला सांगायचं, कोण वाईट मानत नाही. मासा पण किलोच्या भावानं लिहिलेला असतोय बऱ्याच ठिकाणी, तेव्हा आधी वजन विचारा.

दुसऱ्या दिवसापासनं आम्ही ताश्का शोधायला लागलो. ताश्का म्हणजे त्यांची खानावळच की, टेबलावर कागद अंथरलेला, दुपारी ऑफिसची माणसं येऊन पटापट जेवून जाणारी, आणि आजचा पदार्थ म्हणजे प्रातु दु दिया दारातल्या कागदावर हातानं लिहिलेला. तो मागायचा, ताजा असतोय आणि स्वस्त पडतोय. फक्त वेळ सांभाळा, दुपारी साडेबारा ते तीन, मग बऱ्याच ठिकाणचं स्वयंपाकघर बंद ते डायरेक्ट सात-साडेसातला. आईला सात वाजता जेवायची सवय, तिचे हाल झाले दोन दिवस, नंतर आम्ही संध्याकाळसाठी फळं-पाव आणून ठेवायला लागलो.

ताश्कात बाकल्याव आ ब्राश नक्की खा. बाकल्याव म्हणजे मिठात घालून वाळवलेला कॉड मासा, दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजवायचा आणि मग शिजवायचा. वास येईल म्हणून बायको घाबरत होती, पण त्यात काडीसारखे बारीक तळलेले बटाटे, कांदा आणि अंडं घालून परततात, वरनं कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली आणि काळे ऑलिव्ह. मीठ जास्त नव्हतं, बटाटा निम्मा कुरकुरीत निम्मा मऊ. आईनं दोन घास खाल्ले आणि ताटच स्वतःकडं ओढलं.

तिखटाची आठवण आली तर रेश्तावरादोरिश चौकाजवळच्या गल्लीत बोंजार्दी म्हणून जुनं हॉटेल आहे, कोळशावर भाजलेल्या चिकनसाठी नाव आहे त्याचं. पिरी-पिरी म्हणजे मिरचीचं तेल वेगळं मिळतंय, हवं तेवढं लावून घ्यायचं. संकेश्वरी मिरची खाणाऱ्याला ते काही फार तिखट नाही, पण जीभ जागी होते.

काइश दु सोद्रे स्टेशनच्या समोर रिबेरा मार्केट आहे. निम्म्यात 2014 पासून टाइम आउट मासिकाचं फूड कोर्ट, लांब लांब टेबलं, तिथं एकदा चक्कर मारा. आम्ही रमलो ते दुसऱ्या निम्म्यात, भाजी-मासळीच्या जुन्या बाजारात, तिथं सकाळीच जावा. आईनं तारल्यांचे कल्ले उघडून बघितले, मान हलवली, म्हणाली ताजे आहेत. मग भाजीवाल्या बाईला बोट दाखवून मराठीतनंच विचारलं, "बटाटा?" ती बाई म्हणाली, "बताता, बताता!" दोघी हसायला लागल्या. शब्द त्यांचाच आहे हो, पाव, काजू, अननस, कोबी सगळे गोव्यातनं आपल्या घरात आलेले, पण ते समोर ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

सोमवारी काय करायचं? गावाच्या उत्तरेला आलामेदा महात्मा गांधी म्हणून रस्ता आहे, तिथं राधाकृष्ण मंदिर, हिंदू समाजाची कॅन्टीन, शुद्ध शाकाहारी. तिथले बरेच लोक मूळचे गुजराती, मोझांबिकमधनं आलेले. वरण-भात बघून आईचा चेहरा खुलला.

बेलें म्हणून लिस्बनचाच एक भाग आहे, तिथं मंगळवारी गेलो, कारण जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतोय आणि तिथल्या गोडात अंडं असतंय. वास्को द गामाची समाधी मठातच आहे. शेजारी पाश्तैश द बेलें हे दुकान, 1837 पासूनचं. बाहेरची लाइन पार्सलची असते ती बघून परत फिरू नका, आत निळ्या फरशांच्या खोल्यांमागनं खोल्या आहेत, बसायला जागा मिळते. वाटी एवढी पेस्ट्री गरम येते, कड मोडली की पापुद्रे अंगभर, आतलं कस्टर्ड वरनं डागलेलं, त्यावर दालचिनी भुरभुरायची. तो करपट-गोड वास आला आणि मला आपला कुंदा आठवला, दूध आटवताना खाली लागत आलं की येतो ना अगदी तसा. मी चार खाल्ले.

शेवटच्या रात्री मोरारिया या जुन्या भागात तेंतासोइंश द गोवा म्हणून हॉटेल. नावाचा अर्थ गोव्याचे मोह. चढावरची अरुंद गल्ली, आत मोजकी टेबलं. शागुती मागवली, खोबरं भाजल्याचा वास टेबलावर यायच्या आधीच आला, चोरल्याच्या घाटापलीकडची चव युरोपात बसून. आईनं रश्श्यात पाव बुडवून बुडवून वाटी पुसून काढली, आणि वर बेबिंका, गोव्याची थराथरांची मिठाई. जागा फार लहान आहे, आधी फोन करून टेबल सांगून ठेवा, आणि पायऱ्या चढायच्या आहेत म्हणून म्हातारं माणूस बरोबर असेल तर टॅक्सी किती जवळ जाते ते पण त्याच फोनवर विचारून घ्या.