फास्मरचा रशियन व्युत्पत्तिकोश : काही महिने वापरल्यावर

रशियन शिकणाऱ्याने हा कोश घ्यावा का? घ्यावा, पण पहिल्याच दिवशी नको. सिरिलिक लिपी सरावाची झाली आणि थोडंफार संस्कृत येत असेल, तरच मजा. माझ्याकडे भाषाशास्त्रज्ञ फास्मरने लिहिलेला मूळ जर्मन कोश (१९५०-५८) नाही. त्रुबाचोव्ह या रशियन भाषाशास्त्रज्ञाने रशियनमध्ये आणलेले चार खंड आहेत. फास्मरची जमवलेली टिपणं १९४४ साली बर्लिनवरच्या बाँबहल्ल्यात जळाली होती. हे कळल्यापासून त्रोटक नोंदींवर रागवायला होत नाही.

सर्वांत जास्त उघडली ती प्रश्नवाचकांची पानं. ‘क्तो’ म्हणजे कोण. ‘च्तो’ (उच्चार ‘श्तो’) म्हणजे काय. दोन्हींतला ‘तो’ हे मागून चिकटलेलं दर्शक सर्वनाम. तो काढला की एकीकडे उरतो ‘क’, दुसरीकडे ‘च’. हा ‘च’सुद्धा मूळचा ‘क’. पुढे आखूड इ होती म्हणून त्याचा ‘च’ झाला. आपल्या ‘कश्चित्’मधल्या ‘चित्’चं तसंच झालं, पण स्वतंत्रपणे. ‘ग्दे’ (कुठे) तर भारीच. जुनं रूप ‘कुदे’. त्यातला आखूड उ गळाला, ‘क’ थेट ‘द’ला भिडला आणि त्याचा ‘ग’ झाला. चेक लोक आजही लिहितात क, बोलतात ग. या शब्दाचा वैदिक भाऊ ‘कुह’, नासदीय सूक्तात आहे तोच.

‘कग्दा’ (कधी) बघायला गेलात तर मात्र चिडचिड होईल. संस्कृत ‘कदा’, लिथुआनियन ‘कदा’ समोर दिसतात, पण मधला ग आला कुठून यावर पंडितांचं एकमत नाही. एकच उत्तर हवं असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

खरी अडचण मांडणीची, कारण नोंदी रशियन शब्दांनुसार लावल्यात. पोलिश ‘त्सो’ (काय) शोधायचा तर आधी त्याचा रशियन नातलग ठाऊक हवा. क्रोएशियात ‘काय’ला कुठे श्तो, कुठे चा, कुठे काइ म्हणतात, त्यावरूनच श्तोकावी, चाकावी, काइकावी अशी बोलींची नावं पडली. एवढा पसारा रशियनच्या कोशात कसा मावणार? त्यासाठी त्रुबाचोव्हच्याच संपादनाखाली १९७४ पासून निघू लागलेला सर्व स्लाव्हिक भाषांचा (रशियन, पोलिश, चेक या कुळातल्या) कोश बघा. तो मूळ स्लाव्हिक रूपांनुसार लावलाय.

वापरताना एवढं सांभाळा : चौकोनी कंसातला, शेवटी ‘त’ असलेला मजकूर त्रुबाचोव्हची भर आहे, फास्मरचं मत नव्हे. संस्कृत शब्द ‘प्राचीन भारतीय’ या अर्थाच्या संक्षेपाखाली, रोमन लिपीत येतात. पहिल्या खंडातल्या संक्षेपांच्या यादीचा फोटो फोनमध्ये ठेवाच.