दोन एचपीचे कडबाकुट्टी यंत्र: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

यंत्र घेण्याजोगे आहे. मात्र कारखान्यातून त्याची पाती ज्या बेफिकिरीने बसवून येतात, त्याबद्दल विक्रेत्याशी झालेला वाद अजून मिटलेला नाही. सिंगल फेजची दोन एचपी मोटर, चाकावर दोन पाती, रोलर पुढे-मागे फिरवणारा दांडा, ही माहिती सर्वांना असेलच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

आमचा गोठा अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारे असल्यामुळे उन्हाळ्यात मका किंवा हत्तीघास घेता येत नाही, आणि दावणीच्या पूर्णाथडी जातीच्या म्हशी कोरड्या वैरणीवरच काढाव्या लागतात. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा घटला, त्यामुळे कडबा आता बहुतेकांना विकतच घ्यावा लागतो. चारशे किलो वजनाच्या म्हशीला दिवसाला सगळे खाद्य मिळून १० ते १२ किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश सोडून) लागतात. पण अख्खी पेंडी गव्हाणीत टाकली तर म्हैस पाला आणि शेंडे खाते, जाड धांडे पायाखाली जातात आणि सकाळी शेणासोबत उकिरड्यावर पडतात. पैसे देऊन आणलेला कडबा असा खतात गेलेला पाहवत नव्हता, म्हणून यंत्र घेतले.

सुरुवातीला काम बरे झाले. उन्हाळा तापला आणि धांडे कडक झाले, तशी मोटर गुरगुरू लागली, बेल्ट घसरून जळका वास येऊ लागला आणि कडबा कापला जाण्याऐवजी चेंगरून, दोरीसारख्या लांब सालींसह बाहेर पडू लागला. सेवा केंद्राच्या माणसाने आधी व्होल्टेज कमी असल्याचे सांगितले, नंतर नवा बेल्ट बसवला, त्याचे पैसे घेतले, आणि शेवटी तीन एचपीची मोटर घेण्याचा सल्ला दिला. झाकण उघडून पात्यांकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

आमच्या गावच्या लोहाराने झाकण उघडले आणि फिरते पाते व खालची स्थिर पट्टी यांच्यामध्ये काडेपेटीतली काडी आडवी घालून दाखवली. ती सहज आरपार गेली. तिथे जाड कागद जेमतेम सरकेल एवढीच फट असावी लागते. फट जास्त असली की धांडा तुटण्याऐवजी वाकून मध्ये अडकतो आणि सगळा भार मोटरवर येतो. दोन्ही पाती सोडून, धारेची उतरती बाजू तेवढी दगडावर लावून, पाते तापून त्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरू नये म्हणून मधूनमधून ओले करत त्याने धार दिली, चाक हाताने फिरवत दोन्ही पाती पट्टीला सारख्या अंतरावर आणली आणि मगच बोल्ट आवळले. त्यानंतर त्याच मोटरने, त्याच व्होल्टेजवर, त्याच गंजीतला कडबा विनातक्रार कापला. पूर्ण भारावर तासाला पावणेदोन ते दोन युनिट वीज लागते, आणि बोथट पात्यावर तेवढ्याच कुट्टीला वेळ वाढतो म्हणून बिलही वाढते. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत रंगीत चित्रे भरपूर आहेत. ही फट किती ठेवावी याविषयी एक ओळ नाही. पाती वॉरंटीत येत नाहीत, हे मात्र ठळक अक्षरांत छापले आहे.

धार टिकवण्यासाठी आता पेंडीचा बुडखा आधी आपटून काळ्या मातीची ढेकळे झाडतो, कारण पात्याला सर्वांत जास्त तीच खातात. फार कडक कडब्यावर आदल्या संध्याकाळी थोडे पाणी शिंपडले तर कापायला सोपा जातो आणि धुरळाही कमी उडतो. ओला चारा मात्र रोलरला गुंडाळतो. तेव्हा हात न घालता दांडा उलटा टाकावा. बेल्टवरची जाळी पातळ पत्र्याची आहे, आम्ही ती बदलून घेतली.

कुट्टी जितकी बारीक तितकी चांगली, असे माझे मत होते आणि पहिले काही आठवडे अर्ध्या इंचाचीच कुट्टी केली. पावसाळ्यापर्यंत हे मत बदलले. वैरण फार बारीक झाली की जनावर रवंथ कमी करते आणि त्याचा परिणाम दुधाच्या फॅटवर होतो. आमचे दूध फॅटवरच मोजले जाते. गिअरची जोडी बदलून आता इंच-सव्वा इंचाची कुट्टी करतो. लांबी वाढवण्यासाठी एक पाते काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. चाकाचा तोल जातो आणि बेअरिंग खराब होते.

बचतीचा मोठा भाग मला अपेक्षित नव्हता तिथून आला. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) एकटे दिले तर म्हशी ते नाकाने बाजूला सारतात, आणि कित्येक शेतकरी ते धुऱ्यावरच (बांधावर) पेटवून देतात. कडब्याच्या कुट्टीत ते मिसळून वरून मिठाचे किंवा गुळाचे पाणी शिंपडले की निवडून खाता येत नाही, गव्हाण स्वच्छ होते. हरभऱ्याचे आणि तुरीचे कुटार आधीच बारीक असते, ते यंत्रातून काढणे म्हणजे वीज वाया घालवणे. कडब्याची खरेदी यंदा त्यामुळे बरीच कमी झाली. ढेपेचा (सरकी पेंडेचा) खर्च कमी झालेला नाही, आणि कुट्टीने तो कमी होईल असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. कापल्याने चारा वाया जात नाही एवढेच, त्यातली प्रथिने वाढत नाहीत. गव्हांडा (गव्हाचे काड) किंवा धानाचे तणस (भाताचा पेंढा) असणाऱ्यांनी १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून २१ दिवस झाकून ठेवण्याची पद्धत करावी. सहा महिन्यांखालच्या वासरांना मात्र तो चारा घालू नये.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानातच झाकण उघडायला लावावे, चाक हाताने फिरवून दोन्ही पात्यांची फट पाहावी आणि कोरडा धांडा कापून दाखवायला सांगावा. नुसती मोटर फिरवून दाखवली तर पैसे देऊ नयेत. पात्यांचा दुसरा जोड मी विक्रेत्याकडून घेतला नाही. लोहाराने गाडीच्या जुन्या कमानपट्ट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) तो बनवून दिला, कंपनीच्या निम्म्या किमतीत, आणि धार अजून शाबूत आहे. बेल्टचे पैसे परत मागणारा अर्ज सेवा केंद्रात पडून आहे.